वरची बांधी, खालचा राउटर

गुरुवार, २ जानेवारी २०२५. नवेगाव बांध

दैनंदिनी लिहिण्याची मला सवय नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयात दिवसभर इतरांच्या टिप्पण्या दुरुस्त केल्यावर घरी येऊन स्वतःच्या लिहिण्यात फारसे सुख उरत नाही. तथापि, या घरातील इंटरनेटचे नेमके काय झाले असे पुढे कोणी विचारल्यास उत्तर कागदावर असावे.

वस्तुस्थिती अशी. माझी एकुलती मुलगी चेतना हैदराबादच्या एका विमा कंपनीत नोकरीला आहे आणि गेले आठ महिने ते काम आमच्या वरच्या मजल्यावरील खोलीतून करते. आज तिला कार्यालयाचे पत्र आले. डिसेंबर महिन्यात तिचा संपर्क एकवीस वेळा तुटला. जानेवारीअखेर सुधारणा न झाल्यास फेब्रुवारीत तिने हैदराबादला रुजू व्हावे. पत्रात एकही शब्द संदिग्ध नाही. अशी पत्रे लिहिणारी माणसे आता राहिली नाहीत, असे मी चेतनाला म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, कौतुक नंतर करा."

ती येथे राहिली काय किंवा तेथे गेली काय, मला व्यक्तिशः फरक पडत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. हे मी जेवताना स्पष्ट केले. माझी पत्नी उर्वशी हिने मला न मागता तिसरी पोळी वाढली. तिच्या या कृतीचा संदर्भ लागला नाही.

सेवा देणाऱ्या कंपनीकडे आजवर नऊ तक्रारी केल्या. प्रत्येक वेळी "आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे" असा संदेश येतो. नवव्या वेळी तो तक्रार पूर्ण लिहून होण्याआधीच आला. एवढी तत्परता इंटरनेटमध्ये दाखवली असती तर तक्रार करावी लागली नसती.

निर्णय: कंपनीने बसवलेला इंटरनेटचा डबा खाली बैठकीत राहील. त्याच्या जोडीला स्वतःचा, उत्तम प्रतीचा राउटर आणायचा.

रविवार, ५ जानेवारी

राउटर मागवला. तीन आठवड्यांच्या अर्जित रजेचा अर्जही लिहिला. कारण: "कौटुंबिक तांत्रिक."

शेजारच्या घराविषयी दोन ओळी लिहिणे भाग आहे, कारण रजेच्या काळात ते घर मला दिवसभर दिसणार आहे. तेथे माझे वडील बंधू केशोराव आणि चमेलीवहिनी राहतात. दोन्ही अंगणांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. चार वर्षांपूर्वी उन्हाळी धानाच्या वेळी इटियाडोह धरणाच्या नहराचे पाणी त्यांच्या वरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, भरून वाहत होते आणि माझी खालची बांधी कोरडी होती. नियमाप्रमाणे पाणी त्यांच्या धुऱ्यातूनच, म्हणजे बांध फोडून, माझ्याकडे येते. मी धुऱ्यावर उभा राहून तीन वेळा हाक मारली. पंधरा पावलांवर ते पाठमोरे उभे होते. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही आणि फावडे खांद्यावर टाकून निघून गेले.

त्या अपमानाला मी सभ्य माणसासारखे उत्तर दिले. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, नोटीस पाठवली. पोस्टमनला आमच्या फाटकापासून त्यांच्या फाटकापर्यंत अकरा पावले चालावे लागले. नोटिशीचे उत्तर आले नाही. तेव्हापासून संबंध नाहीत.

बंधूंच्या वागण्यात अजूनही सुधारणा नाही. मला त्रास व्हावा म्हणून त्यांच्याकडील टीव्ही इतक्या मोठ्या आवाजात चालतो की बातम्यांसाठी आम्हाला आमचा लावावा लागत नाही. आज तर त्यांनी नवीन प्रकार सुरू केला. दुपारी साडेचारला खाट ओढून आमच्या भिंतीला चिकटवली, आमच्याकडे पाठ केली आणि एकटेच मोठमोठ्याने बोलू लागले. "जेवलीस का? पातळ झालीस बे तू!" मग हसणे. मग पुन्हा "जेवलीस का?" अर्धा तास. मी उर्वशीला म्हणालो, यांना डॉक्टरला दाखवायला हवे. ती म्हणाली, "त्यांना नाही," आणि धुणे काढायला गेली.

बुधवार, ८ जानेवारी

घरपोच म्हणून मागवलेला राउटर महामार्गावरच्या कोहमाऱ्यापर्यंत पोचला. पार्सलवाल्याच्या मते आमचे घर तेथेच, ढाब्याशेजारी आहे. जाऊन आणला.

पुस्तिका दोनदा वाचली. तिचे मराठी ज्याने केले त्याने मराठी माणूस पाहिलेला नसावा, पण आकृत्या स्पष्ट आहेत. राउटरला मागे चार पिवळी भोके एका ओळीत आणि एक निळे भोक वेगळे आहे. पुस्तिका म्हणते की कंपनीच्या डब्याची वायर निळ्या भोकात घालावी. त्यायोगे माझा राउटर कंपनीच्या डब्याच्या "मागे" राहील.

हे मला पटले नाही. जो डबा एकवीस वेळा तोंडघशी पडला त्याच्या हाताखाली नव्या, सक्षम यंत्राला बसवणे हे कोणत्या सेवाशर्तीत बसते? मी वायर पिवळ्या भोकातून पिवळ्या भोकात घातली. दोन्ही यंत्रे समान दर्जाची. कोणी कोणाच्या वर नाही, कोणी कोणाच्या खाली नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

संपर्क काल सात वेळा आणि आज दुपारपर्यंत अकरा वेळा तुटला. डिसेंबरचा उच्चांक मी दोन दिवसांत गाठत आणला आहे.

कंपनीचा तारवाला योगराज आला. तिकडे जंगलकाठच्या कुठल्या गावचा आहे, चाळिशीचा असेल. खांद्यावर शिडी, तोंडात तंबाखूचा खर्रा. त्याने दोन्ही डबे पाहिले, वायर पाहिली आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला आवडली नाही.

"हे कोण केलं, साहेब?"

"मी."

"काऊन?"

मी समान दर्जाचे तत्त्व समजावून सांगितले. त्याने आधी बाहेर जाऊन थुंकून येण्याचे सौजन्य दाखवले.

"साहेब, शेती हाये ना तुमची? मंग आयका. कंपनीचा डबा म्हंजे वरची बांधी. नहराचं पाणी पयले तेथं. तुमचा डबा खालची बांधी. धुऱ्याले एका जागी तोंड फोडाचं अन् तेथूनच पाणी घ्याचं. ते तोंड म्हंजे हे निळं भोक. तुम्ही तं मधातला धुराच काढून टाकला. आता दोघंबी म्हणून राहिले का पाणी मीच वाटतो. भांडण नाही होईन तं काय होईन?"

मी म्हणालो, "वरच्या बांधीवाल्याने पाणी सोडलेच नाही तर?"

"तं त्याले जाऊन बोलाचं, साहेब. समोरासमोर."

तांत्रिक चर्चेत अशी विषयांतरे खपवून घ्यावी लागतात. वायर निळ्या भोकात गेली. नवा राउटर वरच्या पडवीत ठेवून त्याला "पटले निवास" असे नाव दिले. घरातील सर्व फोन आणि चेतनाचे यंत्र त्यावर नेले. कंपनीच्या डब्याचे वायफाय तसेच चालू ठेवले, कारण उर्वशीने आग्रह धरला. "असू द्या, जागा थोडीच खाते." इंटरनेटविषयी तिला आजवर कधी काही वाटले नव्हते. हल्ली मात्र रोज चारला विचारते, "ते खालचं नेट चालू आहे ना?"

रविवार, १२ जानेवारी

गंभीर बाब उघडकीस आली.

घरातील सर्व उपकरणे आता माझ्या राउटरवर आहेत. म्हणजे कंपनीच्या डब्याच्या यादीत एकच नोंद हवी: माझा राउटर. आज यादी उघडली तेव्हा दोन नोंदी होत्या. दुसऱ्या उपकरणाला नाव नाही, केवळ बारा अक्षर-अंकांची ओळ. जोडले: ४.२८. गेले: ५.०१. कालही तेच, परवाही तेच.

चोर आहे, आणि वक्तशीर आहे. आमच्या महाविद्यालयात असा एक कर्मचारी मिळाला असता तर बरे झाले असते.

चौकशी केली. उर्वशी म्हणाली, "असेल कोणाचं तरी. राहू द्या ना." चेतना म्हणाली, "बाबा, अर्ध्या तासानं माझं काही अडत नाही." दोघींनाही नियमाचे गांभीर्य नाही. मी पहारा ठेवायचे ठरवले, पण साडेचारला नेमके बंधू भिंतीशी येऊन ओरडू लागले. "सुई टोचताना हात नाही का कापे तुया?" कोणाच्या सुया, कसला हात! त्या कोलाहलात चोराचा माग कसा लागणार?

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

उर्वशी नेहमीप्रमाणे भिंतीवरून तिळगूळ देऊन आली. बायकांना नोटीस लागू होत नाही, असे तिचे मत आहे.

चेतनाचा संपर्क आज पुन्हा पाच वेळा तुटला. चोरच कारणीभूत आहे हे उघड आहे. कंपनीच्या डब्याच्या यादीत त्या बारा अक्षरांपुढे "प्रतिबंधित करा" अशी सोय आहे. सायंकाळी ४.३४ वाजता केले. एका बोटाचे काम. नोटिशीचा मसुदाही करावा लागला नाही.

४.३६ पासून शेजारी शांतता. दुहेरी लाभ.

गुरुवार, १६ जानेवारी

सलग तिसऱ्या दिवशी शांतता. बंधू साडेचारला खाटेवर येऊन बसतात, पण बोलत नाहीत. खाट कधी भिंतीच्या या टोकाला, कधी त्या टोकाला. काल फोन हातात धरून डोक्यावर उंचावत होते. मला संशय आहे की ते आमच्या घराचे फोटो काढत आहेत. भिंतीची उंची मोजून न्यायालयात जायचा बेत असेल. प्रतिसाद म्हणून मी त्यांच्या खाटेचे दोन फोटो काढून ठेवले, तारीख-वेळेसह.

सकाळी त्यांची सायकल माझ्या स्कूटरसमोर आडवी होती. सहा वेळा हॉर्न दिला. शेजारी उभे राहून बैलाला वैरण घालत होते, हलले नाहीत. हेतुपुरस्सर.

चेतनाचा संपर्क: सहा वेळा. चोर गेला तरी चोरी चालूच, हे मला समजेनासे झाले आहे.

शनिवार, १८ जानेवारी

चेतनाच्या वरिष्ठांचा फोन आला. पुढील आठवडा शेवटचा. तिने बोलणे संपवले आणि कपाटाच्या वरची पेटी काढून पुसायला घेतली. मी म्हणालो, आत्तापासून कशाला? ती म्हणाली, "धूळ होती."

 ती हैदराबादला होती तेव्हा उर्वशी रोज सायंकाळी तिच्याशी व्हिडिओवर बोले आणि मीही, काही काम नसल्यास, मागून जात असे. फोनमध्ये माणूस अगदी हाताएवढा दिसतो.

तत्त्वाचा प्रश्न आहे. योगराजला पुन्हा बोलावले.

रविवार, १९ जानेवारी

योगराज म्हणाला, "आता भांडण नाही, पण नाके दोन झाले, साहेब. कोहमाऱ्यावर एकदा ट्रक थांबवला, कागद पाह्यले, अन् दहा पावलांवर परत थांबवला, तं डायवर बोंबलीनच ना? ताईच्या ऑफिसची लाइन मोठी कडक हाये. दोन नाके तिले नाही चालत."

"मग माझा नाका काढू?"

"तुमचं राहू द्या. कंपनीचं काढू. वरच्या डब्यानं आता हिशोब ठेवाचा नाही, वाटाचं नाही, नुसतं येईन तसं खाली सोडाचं. त्याचं वायफायबी बंद. मालक तुमचा डबा."

अखेर कोणीतरी न्याय्य भाषा बोलले. त्याने गोंदियाच्या कार्यालयाला फोन लावून हिंदीत पाऊण तास वाद घातला, "अरे भैया, बस पाट बना दो उसको," आणि तेथून त्यांनी तसे करून दिले. सोळा अक्षरांचा नवा संकेतशब्द मी स्वतः तयार केला. उर्वशीने विचारले, "खालचं आता लागणारच नाही?" म्हटले, कधीच नाही. ती सायंकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. यशाच्या दिवशी माणसाला घरात अशी साथ मिळते.

मंगळवार, २१ जानेवारी

तीन दिवस. संपर्क तुटण्याच्या घटना: शून्य. चेतनाने सलग साडेआठ तास काम केले. पेटी पुन्हा कपाटावर गेली. ती मी स्वतः ठेवली, कारण ती जड होती. (रिकामी होती, पण आकाराने मोठी.)

बुधवार, २२ जानेवारी

आजची नोंद मी शक्य तितकी नेमकी करतो.

साडेचारला बंधू भिंतीशी आले, फोन उंचावला. फोटोंचे प्रकरण कायमचे मिटवावे म्हणून मी त्यांच्या फाटकातून आत गेलो. चार वर्षांत प्रथमच. ते पाठमोरे होते. मी पाच पावलांवरून म्हणालो, "केशोराव." उत्तर नाही. मोठ्याने: "भाऊ!" उत्तर नाही. तिसऱ्यांदा अशी हाक मारली की त्यांचा बैल उठून उभा राहिला. बैलाने पाहिले. बंधूंनी नाही.

चमेलीवहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कायले ओरडून राहिले, भाऊजी? त्यायले आयकू नाही ये."

"कधीपासून?"

"चार-पाच वरसं झाले. तोंड समोर दिसलं तं समजते. फोनवर तं काहीच नाही समजे. भूमेश्वरी तिकडं सुरतेले नर्स हाये, तं तिचा चेहरा पाहून बोलत होते. तुमच्या चेतनानं लावून देल्लं होतं. आठ दिवस झाले, लागूनच नाही राहिलं. काल खाटेवर उभे राह्यले तं पडले."

मी पुढे जाऊन पाहिले. फोनवर माझ्या पुतणीचे, भूमेश्वरीचे, छायाचित्र होते आणि त्यावर एक वर्तुळ फिरत होते. बंधू त्या वर्तुळाकडे पाहत होते. कोपराला पट्टी होती.

मी त्यांच्यासमोर न जाता परत आलो.

घरी चेतनाला विचारले की मला का सांगितले नाही. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही नोटीस काढली असती, बाबा." मी या आरोपाचे खंडन करण्यासाठी बसलो, आणि अजून बसलो आहे.

पंधरा पावले. तीन हाका. पाठमोरे.

गुरुवार, २३ जानेवारी

नव्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नाव ठेवण्याची सोय आहे. सकाळी "पटले निवास – अतिथी" असे तयार केले. चेतनाने पडद्याकडे पाहिले. "मोठे बाबा अतिथी आहेत?"

बंधूंना ती मोठे बाबा म्हणते. वर्गीकरण चुकीचे होते. ते मी रद्द केले. यात भावनेचा भाग नाही, चुकीच्या शीर्षाखाली नोंद ठेवता येत नाही एवढेच. राउटर वरच्या पडवीतून उचलून भिंतीकडच्या खिडकीत ठेवला. यंत्राला हवा लागणे आवश्यक असते. चेतनाच्या खोलीतील वेग तपासला, फरक पडला नाही.

मुख्य संकेतशब्द एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि साडेचारला घेऊन गेलो. या वेळी खाटेला वळसा घालून समोर उभा राहिलो. बंधूंनी मला पाहिले, कागद पाहिला, पुन्हा मला पाहिले.

"काऊन बे, खुमेंद्र? पोस्टमन मेला का?"

मी काही तरी बोललो. ते माझ्या ओठांकडे पाहत होते. शाळेत मी पाढे म्हणायचो तेव्हा चुकू नये म्हणून असेच पाहत.

"हे सोळा अक्षरं हायेत का सातबारा? चमेले, चष्मा आण!"

अक्षरे मीच घातली. वर्तुळ थांबले आणि भूमेश्वरी आली, अगदी हाताएवढी, परिचारिकेच्या कपड्यांत. ती आधी रडली, मग तिने कोपराची पट्टी पाहून त्यांना झापले, आणि मग तिला मागे मी दिसलो. "काका? तुम्ही?" मी म्हणालो, तांत्रिक कामासाठी आलो होतो.

निघताना बंधू म्हणाले, "पाणी चार तारखेले सुटते. मांगून नोको ओरडू. समोर ये."

मी तारीख लिहून घेतली.

शुक्रवार, ३१ जानेवारी

चेतनाच्या कार्यालयाचे पत्र आले. घरून काम करण्यास पुढील आदेशापर्यंत अनुमती. मसुद्यात "पुढील" हा शब्द दोनदा पडला आहे. दुरुस्ती सुचवली नाही.

कंपनीचाही संदेश आला: "आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे." कोणत्या तक्रारीचे, ते नमूद नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी सहाला धुऱ्यावर पोचलो. बंधू वरच्या बांधीत पाठमोरे उभे होते. हाक मारली नाही. त्यांच्यासमोर जाण्यासाठी बांधीतूनच वळसा घालावा लागला आणि चिखलात पाय घोट्यापर्यंत गेले. मी समोर दिसताच त्यांनी धुऱ्यावर फावडे मारले.

पाणी सहा वाजून बारा मिनिटांनी आले. चप्पल एक सापडली, दुसरी अद्याप नाही.